निसर्गपुत्राची जन्मकथा

रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या प्रश्नांना वारल्यांनी दिलेली उत्तरे मी गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा वाचत आले आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे स्कॉटिश मिशनरी. १८२९ साली ते मुंबईत उतरले, कोकणात राहून मराठी शिकले, आणि पुढे पंडितांशी जाहीर वाद घालण्याइतकी ती भाषा त्यांच्या जिभेवर बसली. उत्तर कोकणच्या जंगलपट्ट्यातल्या वारली आणि कातोडी लोकांवर त्यांनी लिहिलेला लेख लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये छापून आला. त्यात माहिती आहे, अंदाज आहेत, पण मला मोलाचा वाटतो तो त्यातला सवालजवाब. विल्सन देवाविषयी विचारतात. वारली वाघ्याचे नाव घेतात. शेंदूर लावलेला दगड, त्याला कोंबडे, बकरा, नारळ. तो वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई लांब ठेवतो. मग विल्सन पेच टाकतात, की दगडाला हे सगळे कसे जमेल? उत्तर येते की तिथे दगडाखेरीज आणखी काहीतरी आहे. ते काय, असे विचारल्यावर ते सरळ सांगतात की आम्हाला ठाऊक नाही. वाडवडिलांनी दाखवले तसे करतो. देवाला कधी रागावता का? रागावतो की. एवढे दिले तरी आम्हाला का छळतोस, असे त्याला सुनावतो. मेल्यावर माणूस कुठे जातो? ते आम्ही कसे सांगणार.

ज्याने हे लिहून घेतले त्याची खात्री होती की ही माणसे अंधारात आहेत आणि त्यांना उजेड दाखवणे आपले कर्तव्य आहे. तरीही त्याने उत्तरे गाळली नाहीत, ही त्याची सचोटी. त्यामुळे आज आपण ती त्याच्या हेतूपासून वेगळी करून वाचू शकतो. आणि तशी वाचली की प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणारा अधिक सावध, अधिक विचारी वाटू लागतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे, आणि तरीही तिथे काहीतरी आहे हे न सोडणे, याला मी अज्ञान म्हणणार नाही. विल्सन यांच्याच युरोपात, बर्लिनच्या एका इस्पितळाचा धर्मोपदेशक असलेल्या श्लायरमाखर याने १७९९ साली धर्माला तुच्छ लेखणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून एक पुस्तक लिहिले होते. धर्म म्हणजे सिद्धान्त नव्हे, नीतिनियमांची यादीही नव्हे; अनंताची जाणीव आणि तिच्यापुढे नमणारे मन, असा त्याचा रोख होता. डहाणूकडच्या जंगलातले ते उत्तर या बर्लिनच्या पाद्र्याच्या कानावर गेले असते तर त्याला ते परके वाटले नसते, असे मला मनापासून वाटते. पण जंगलात आले ते विल्सन. त्यांची घडण स्कॉटिश इव्हॅन्जेलिकल पंथाची. अनुभवापेक्षा वचनाला, आणि वचनापेक्षाही पापाच्या जाणिवेला तिथे मान अधिक.

इथे एका पाश्चात्त्य दृष्टीसमोर दुसरी उभी राहते, मिशनऱ्याच्या दृष्टीसमोर रोमँटिकाची. त्या दोन्ही या लेखात मला हव्या आहेत, कारण डहाणू-तलासरीच्या वाट्याला दोन्ही आल्या.

मिशनरी म्हणत होता की हा माणूस पतित आहे, त्याला तारले पाहिजे. रोमँटिक म्हणत होता की हा माणूस निसर्गपुत्र आहे, अजून पतित झालेलाच नाही, पतित आपण आहोत. वरवर पाहता ही दोन टोके. पण दोघांनी आपली गोष्ट एकाच पुस्तकातून उचलली आहे. एदेनची बाग, तिथून झालेली हकालपट्टी, आणि शेवटी परत मिळणारे नंदनवन, हा बायबलचा तीन अंकी क्रम रोमँटिकांनी जसाच्या तसा ठेवला. फक्त देवाच्या जागी निसर्ग आणला आणि पापाच्या जागी संस्कृती. एम. एच. एब्रम्स या अमेरिकन समीक्षकाने १९७१ मध्ये एका मोठ्या ग्रंथात ही उसनवारी कवीमागून कवी घेऊन दाखवली. माणसे पाहिली तरी हेच दिसते. विषमतेच्या उगमावर १७५५ मध्ये लिहिणारा आणि १७६२ मध्ये ‘एमिल’ लिहिणारा रूसो जिनिव्हाच्या कॅल्व्हिनपंथी घरात जन्मलेला. देशोदेशीची लोकगीते जमवून १७७८-७९ मध्ये छापणारा हर्डर स्वतः लुथरपंथी धर्मोपदेशक. बालोद्यानाची कल्पना जगाला देणारा फ्रोबेल पाद्र्याचा मुलगा. चर्चच्या पलीकडे गेले तरी या मंडळींनी चर्चमधली प्रार्थना सोडली नव्हती. ‘एमिल’ पॅरिसमध्ये जाळले गेले आणि जिनिव्हातही. पण त्यातल्या सावोयच्या धर्मगुरूचे मनोगत वाचणाऱ्याला कळते की रूसोचे भांडण देवाशी नव्हते.

म्हणून मला मिशनरी आणि रोमँटिक हे शत्रू वाटत नाहीत. ते एका घरातले दोन भाऊ आहेत. दोघांच्याही नजरेत समोरच्या वारल्याला एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे इतिहास. पहिल्याच्या लेखी त्याचा इतिहास बाप्तिस्म्यापासून सुरू होतो. दुसऱ्याच्या लेखी तो सुरूच होता कामा नये, कारण सुरू झाला की निरागसता गेली. प्रत्यक्षात या किनाऱ्याने काय पाहिले नव्हते? १५३० च्या दशकात पोर्तुगीज आले, डहाणू-तारापूरला ठाणी बसली, दोनशे वर्षे ती राहिली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, मग इंग्रज. मागच्या डोंगरात राहणारा वारली हे सगळे बाहेरून बघत होता असे समजण्याला काही आधार नाही. जंगलाचा माल, वेठ आणि कर या तीन दोऱ्यांनी तो प्रत्येक सत्तेला बांधलेला होता.

मराठीत ही रोमँटिक दृष्टी आली तीसुद्धा ख्रिस्ती धर्माच्या शेजारून. केशवसुतांच्या पिढीने इंग्रजी कविता शाळा-कॉलेजात वाचली. पण या आवकीचा सर्वांत जिवंत प्रसंग अहमदनगरच्या एका घरातला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या घराची कडी आपल्या सगळ्यांसाठी उघडी आहे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात नाव झालेला कोवळा त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे बालकवी, पुढे या घरात येऊन राहिला. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखला जाणारा ख्रिस्ती घरधनी, आणि निर्झर-पाखरांत रमणारा हिंदू पोरगा. एकाच छपराखाली राहून दोघे निसर्गावर लिहीत होते, आणि त्यातल्या थोरल्याने ख्रिस्ताची गाणी अभंगात बांधली होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक सांगत. देवाणघेवाण म्हणतात ती अशी असते. त्या घरात कोणी कोणाला नमुना म्हणून पाहत नव्हते. एकमेकांच्या चुका काढत होते, रुसत होते, जेवत होते.

तेच साहित्य घेऊन मी डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात शिकवायला आले. वर्गात वारली, धोडी, कोकणा, दुबळा मुले असायची, किनाऱ्यावरच्या मांगेला-माच्छी घरांतली असायची, चिकूवाडीवाल्यांची असायची. हिरव्या गवताची, कुरणांची, सोनेरी उन्हाची कविता मी मन लावून शिकवत असे. त्या कवितेवर माझे आजही प्रेम आहे. एकदा तलासरीकडच्या एका मुलीने तास संपल्यावर थांबून सांगितले की बाई, आमच्या आजीला गवत म्हटले की हात आठवतात. आजीच्या तळहातावर विळ्याच्या मुठीचे घट्टे होते आणि पात्यांनी चिरून चिरून बोटांच्या पेरांवर पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. पुढे मी त्या आजींकडे गेले. त्यांनी हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक रेघ दाखवत गेल्या. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी कापले जायचे. कापणीची मजुरी वजनावर, आणि वजन करणारा मालकाचा माणूस. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा लग्नगडी व्हायचा आणि नवी नवरीसुद्धा त्याच्याबरोबर सावकाराच्या कामाला जुंपली जायची. हे काही मी आजींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले नव्हते. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३० च्या दशकाअखेरच्या सरकारी अहवालात ते आहे, गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठ बंद करण्याचा निर्धार झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीचा लढा चालू असताना तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गवतासाठी. त्या हातासमोर बसून मला एवढेच जाणवत राहिले की ज्याला आपण निसर्गाच्या मांडीवर खेळणारा म्हणतो, तो त्या मांडीवर राबत होता, आणि मांडीची मालकी तिसऱ्याच्याच नावावर होती.

याच काळात देशभर आदिवासींविषयी एक वाद गाजत होता. त्याची एक शाखा पुण्यातून निघाली होती, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला तरुण पाद्री व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. हा संघ आश्रमाची राहणी घेऊन ख्रिस्ती जीवन जगू पाहत होता. तिथेच त्याला शामराव हिवाळे हा मराठी सोबती भेटला आणि १९३२ मध्ये दोघे मंडला जिल्ह्यातल्या गोंडांत जाऊन राहिले. काही वर्षांतच एल्विनने चर्च सोडले. मिशनरी होता तो रोमँटिक झाला. वर मी ज्यांना भाऊ म्हटले ते इथे एकाच माणसात भेटतात. आदिवासींना बाहेरच्यांपासून, हिंदूंपासून आणि मिशनऱ्यांपासूनही जपावे, असे तो लिहू लागला. मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्याला उत्तर दिले की हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना वेगळे काढू नका. घुर्यांची बाजू मला पटत नाही, कारण वाघ्याला रागावणारा माणूस त्यांनी न विचारता आपल्या खातेवहीत चढवला. एल्विनची बाजू मनाला अधिक भावते, पण जपणूक कोणापासून आणि कोणाच्या इच्छेने, या प्रश्नाशी तीही अडखळते. पुढे तो स्वतः बदलला आणि एकांतवास हा उपाय नव्हे असे मानू लागला, हे त्याच्याविषयी बोलताना सांगायलाच हवे.

रोमँटिक कल्पनेचा या मातीत खरा कस लागला तो कोसबाडच्या टेकडीवर. ही गोष्ट मला सर्वांत जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रूसोने मूल शोधले असे म्हणतात. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याची स्वतःची वाढ आहे, तिच्यात हात घालू नका, हे त्याने ठासून सांगितले. पेस्तालोझीने ते अनाथांच्या शाळेत नेले, फ्रोबेलने खेळात आणले, आणि रोमच्या गरीब वस्तीत १९०७ मध्ये मारिया माँटेसरीने त्याला साधनांची शिस्त दिली. माँटेसरी श्रद्धाळू कॅथलिक. मुलाच्या आत दैवी असे काही आहे आणि शिक्षकाने त्याच्यापुढे नम्र व्हावे, ही तिची भावना धर्मातूनच आलेली. भावनगरला गिजुभाई बधेकांनी ही पद्धत उचलली आणि १९२३ पासून ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाईंचे आईवडील प्रार्थना समाजाचे. १८६७ मध्ये मुंबईत निघालेला हा समाज एका बाजूने ख्रिस्ती विचाराशी झगडत आणि दुसऱ्या बाजूने त्याच्याकडून घेत वाढला, आणि भजनासाठी पुन्हा तुकोबांकडेच गेला. म्हणजे ही कल्पना ताराबाईंच्या हाती येईपर्यंत तिने केवढा प्रवास केला होता ते पाहावे. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला माँटेसरींच्या प्रशिक्षण संस्थेत बोलले, तेव्हा त्यांच्या मनात भारतातल्या गरीब खेड्यांतली मुले होती. ताराबाईंनी ते काम शिरावर घेतले. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, अनुताई वाघ तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला हलले.

आणि इथे कल्पनेची गाठ मुलाशी पडली. रूसोच्या एमिलला आईबाप जवळजवळ नाहीतच; एक शिक्षक, एक मूल आणि बाग. कोसबाडचे मूल कडेवर धाकटे भावंड घेऊन यायचे, किंवा यायचेच नाही, कारण ते गुरांमागे रानात असायचे. मोकळ्या, निरागस, आपल्या लयीत वाढणाऱ्या बालकाची ती सगळी सुंदर मांडणी एका साध्या अडचणीपाशी येऊन थांबली, ती म्हणजे हे मूल कामावर आहे. रोमँटिक मन इथे दोनपैकी एक करते. गुराख्याचे चित्र रंगवून मोकळे होते, नाहीतर मुलाला रानातून उचलून बागेत आणून बसवते. ताराबाई-अनुताईंनी तिसरेच केले. त्यांनी शाळा कुरणात नेली. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली जमली आहेत, तिथे गाणी, गोष्टी, मोजणी, अक्षरे. ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, मग बालवाडी, मग प्राथमिक शाळा, सगळे एका आवारात. तो विकासवाडीचा प्रयोग. बोर्डीला हरिजनवाड्यात जाऊन अंगणात भरवलेल्या वर्गांतून अंगणवाडी उभी राहिली, आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा तेच नाव देशभर गेले.

माँटेसरीची साधने महाग, घोटीव लाकडाची. कोसबाडला त्यांच्या जागी आले चिंचोके, शिंपले, बिया, गोटे, पाने, बांबूचे तुकडे, माती. हा काटकसरीचा उपाय होता, पण तेवढाच नव्हता. सागाचे पान आणि पळसाचे पान डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने ओळखणारे मूल या खेळात बाईंच्या पुढे असते. मी कोसबाडच्या पद्धतीने चालणारी एक बालवाडी पाहिली होती. एका चार-पाच वर्षांच्या मुलाने बियांची रांग लावली. मला ती आकाराने लावलेली वाटली. बाईंनी विचारल्यावर त्याने सांगितले की ही आधी पेरायची, ही नंतर. विल्सन यांच्या सवालजवाबाची मला तिथे आठवण झाली, फरक इतकाच की इथे विचारणारीला उत्तराची गरज होती, कारण उद्याचा धडा त्या उत्तरावर ठरणार होता. अनुताई १९९२ मध्ये गेल्या. त्यांच्या कामावर टीका करणारे म्हणतात की त्यांनीही मध्यमवर्गी नीटनेटकेपणा आणि प्रमाण मराठी आदिवासी मुलांवर लादली. त्यात तथ्य आहे. आंघोळ, नखे, केस इथपासून तिथे सुरुवात व्हायची आणि वारली बोलीला वर्गात बरोबरीची जागा नव्हती. पण ज्या कल्पनेला मुलाने थांबवले आणि वळवले, आणि जी वळायला तयार झाली, अशी ती या भागातली पहिली कल्पना होती असे मी मानते.

वारली चित्रांच्या बाबतीत हे इतक्या सरळपणे झाले नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे काम जगापुढे गेले. तोवर भिंतीवरचा लग्नचौक सवाशिणींचा होता. शेणाने सारवलेली, गेरू दिलेली भिंत, भिजवून वाटलेल्या तांदळाचे पातळ पीठ, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. चौकोनाच्या चारी बाजूंनी रेघांची नक्षी भरत आणतात, मध्ये पालघट देवी येते, बाजूला पंचशिऱ्या, सूर्य, चंद्र, फणी. लग्न लावणारी धवलेरी गात असते आणि तिच्या गाण्याशिवाय ती नुसती रेघ असते. लग्न उरकले की चौकाचे काम झाले. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि तो जातो. मशे पुरुष होते, आणि त्यांनी लग्नाविना, मनाला येईल तेव्हा चित्र काढायला सुरुवात केली. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा ओढून सांगू लागले, ही त्यांची कहाणी सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या चित्राकडे जगाने पाहिले ते मात्र गुहाचित्रांची आठवण काढत. हजारो वर्षांपूर्वीचा माणूस अजून इथे राहतो, असा तो आनंद होता. १९८९ मध्ये पॅरिसला ‘पृथ्वीवरचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात मशे होते आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँगही होते. लाँग चालत जातात आणि चालण्यातूनच जमिनीवर रेघ किंवा वर्तुळ उमटवतात. वर्डस्वर्थपासून चालत आलेल्या इंग्रजी पदयात्रेचा तो आजचा वारस. पुढे ते वारल्यांच्या मुलखात आले, इथल्या जमिनीवर काम केले, आणि २००३ मध्ये ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात दोघांचे एकत्र प्रदर्शन झाले.

ही भेट मी हलकी मानत नाही. लाँग यांनी मशेंना बरोबरीचा कलावंत मानले, आणि ते युरोपात फार कमी जणांनी केले होते. तरी त्या भेटीत एक ओझे एकाच बाजूला राहते. लाँग बदलले तर तो त्यांच्या शैलीचा विकास. मशेंनी मासेमारीच्या जाळ्याचे एक अख्खे कापड भरणारे चित्र काढले, नवी रचना केली, तर बघणारा आधी विचारतो की हे पारंपरिक आहे का. पुढच्या पिढीने आगगाडी काढली, एसटी काढली, तेव्हा ग्राहक कुरकुरले. २०११ मध्ये मशेंना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. या साऱ्यात धवलेरीचे काय झाले, हे विचारणारे फार थोडे. चित्र कापडावर गेले आणि गाणे भिंतीपाशी राहिले.

ख्रिस्ती धर्मानेही दरम्यान कूस बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासना लोकांच्या भाषेत करायची मुभा दिली आणि त्यामागून स्थानिक संस्कृतीचा आदर ही कॅथलिक चर्चची भूमिका झाली. हर्डरचा विचार दोनशे वर्षांनी आईच्या घरी परत आला, असे मला वाटते. आता उपासनेत तारपा वाजू शकतो, नाताळच्या शुभेच्छापत्रावर गव्हाणीतला बाळ येशू वारली रेघांत काढता येतो. पण याच गावांत दुसऱ्या, छोट्या प्रार्थनामंडळ्याही आल्या आहेत, आणि त्यांची नजर विल्सन यांच्या जवळची आहे. भगत नको, मोहाची दारू नको, चौक नको. बाहेरून आलेले आम्ही लगेच पहिल्याला चांगले आणि दुसऱ्याला वाईट ठरवतो. तलासरीकडच्या एका बाईंनी मला सुनावले होते की नवऱ्याची दारू प्रार्थनेने सुटली, तुमच्या संस्कृतीने नव्हे. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असावे असा आग्रहही नाही.

त्याच भागातल्या एका लग्नाला मी गेले होते. दोन भाऊ. थोरल्याच्या घरी हिरवा, नारनदेव, सगळे देव जिथल्या तिथे. धाकटा प्रार्थनेला जाणारा. लग्न धाकट्याच्या मुलीचे. तिला चौक हवा होता. कारण विचारले तर म्हणाली, आमच्यात चौकाशिवाय लग्न कुणाचे झाले? तिच्या मंडळीच्या पास्टरांना तो चालणार नव्हता. घरात दोनतीन दिवस बोलाचाली झाली, कोणी जेवणावरून उठले, कोणी मध्यस्थी केली. शेवटी असे ठरले की चौक थोरल्या काकाच्या भिंतीवर काढायचा, धवलेरी तिथे गाईल, आणि मुलगी तिथून प्रार्थनेच्या मांडवात जाईल. तशी ती गेली. पास्टर काकाच्या अंगणात आले नाहीत, पण जेवायला बसले. धवलेरी प्रार्थनेला थांबली नाही, पण वाढायला होती. कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही, आणि कोणीही घर सोडून गेले नाही. त्या दोन दिवसांत तिथे जेवढा विचार झाला तेवढा मी पुष्कळ चर्चासत्रांत ऐकलेला नाही.

हे लग्न आज मला फार आठवते, कारण धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी मागणी जोर धरते आहे. डीलिस्टिंग म्हणून तिचे मोर्चे निघतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, जमातींसाठी ती घातलेली नाही. मागणी करणारे स्वतःला मिशनऱ्यांचे विरोधक म्हणवतात, पण त्यांच्या मनातला आदिवासी युरोपातल्या त्या जुन्या निसर्गपुत्राचाच भाऊ आहे. तो जसा होता तसा राहिला तरच खरा, आणि त्याने एखादा देव बदलला की त्याचे वारलीपण संपले. ब्राह्मण टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे मराठीपण संपले असे आपण म्हटले नाही. उलट त्यांची कविता पाठ्यपुस्तकात घेतली. वारल्याला मात्र बदलण्याची ती मुभा द्यायला आपण तयार नाही, आणि भाषणात ही अढी संस्कृतिरक्षण म्हणून मांडली जाते. मागणी मान्य झाली तर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कायद्याने घातलेली बंधने धाकट्याच्या बाबतीत कशी लागू राहतील, हे त्या मोर्चातल्या कोणी सांगितलेले मी ऐकलेले नाही. त्या दोघा भावांपैकी एक आदिवासी उरेल आणि दुसरा उरणार नाही. त्यांची जमीन अजून वाटलेली नाही. दोघांची नावे एकाच सातबाऱ्यावर आहेत.